जठरामागून फरार

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी कोणासारखी ते अजून ठरायचंय, कारण तुलनेला कोणी सापडलेलं नाही. पोटापाण्यासाठी मी छत्र्या दुरुस्त करतो, पण पिंड गुप्तहेराचा. बायको म्हणते, तिचा हरवलेला चष्मा काही मला अजून शोधता आलेला नाही. थोर माणसं किरकोळ प्रकरणं हाती घेत नाहीत, हे तिला कोण सांगणार?

त्या सकाळी मेहुणीचा विसरलेला डबा घेऊन मी तिच्या शाळेत गेलो. ती तिथं जीवशास्त्राची नवी शिक्षिका. जिन्यात एक पिवळट, खडबडीत वस्तू पडली होती, एकीकडे जाड आणि दुसरीकडे निमुळती. लहान मुलाच्या छत्रीची मूठ! कारागिराचा डोळा चुकत नाही. पुसून खिशात टाकली.

प्रयोगशाळेत मेहुणी बाकाखाली रांगत होती. टेबलावर कमरेपर्यंतचा प्लास्टिकचा माणूस पोट उघडं टाकून बसला होता.

"भाऊजी, घात झाला! पुढच्या तासाला मोठ्या बाई माझा पाठ बघायला येणार. पचनसंस्था. आवडला तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसा. आणि नेमकं स्वादुपिंड गायब! सकाळी शिपाईमामा आणि मी हा पुतळा वरून खाली आणला, तेव्हा होतं की हो!"

स्वादुपिंड दिसतं कसं, हे मला ठाऊक नव्हतं. पण असं काही विचारलं की गुप्तहेराचं वजन कमी होतं.

"ते राहायचं कुठं?" मी विचारलं.

"जठराच्या मागे."

"म्हणजे लपायची सवय जुनीच. आणि धंदा?"

"पाचकरस तयार करतं. शिवाय इन्सुलिन सोडतं, रक्तातली साखर ताब्यात ठेवायला."

साखर! माझे कान टवकारले. डबा टेबलावर ठेवून मी बाहेर पडलो. विडी सोडल्यापासून तोंडात काही असल्याशिवाय माझं डोकं चालत नाही, म्हणून ती मूठ दातांत धरली आणि शिपाईमामांना गाठलं.

"तुमचं स्वादुपिंड कुठं आहे?"

"पोटातच असेल की, साहेब."

"शेवटचं कधी पाहिलं होतं?"

मामांनी घाबरून पोट चाचपलं. "का हो? काही झालंय का त्याला?"

इतका भित्रा माणूस चोरी करणार नाही. मी त्यांना सोडून दिलं.

शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर चहा पीत होते.

"साखर?" मी दरडावलं.

"बंद आहे. डायबेटिस."

सापडला! स्वतःचं नीट चालेना, म्हणून दुसऱ्याचं लांबवलं.

"प्लास्टिकचं बसवून काही फायदा नाही, सर. गुपचूप परत करा."

सर माझ्याकडे बघतच राहिले. "तुमच्या तोंडात काय आहे ते?"

"विषय बदलू नका."

घंटा झाली. सरांचं मनगट धरून मी त्यांना प्रयोगशाळेत ओढत नेलं. मुलं बाकांवर, मोठ्या बाई मागच्या खुर्चीत. मेहुणीच्या हातात जठर, चेहरा पांढराफटक. "जठराच्या मागे..." ती म्हणत होती, आणि तिथं नुसता खड्डा.

"थांबा!" मी गरजलो. "चोर हजर आहे!"

मेहुणीनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. तिनं जठर खाली ठेवलं, चालत आली, माझ्या दातांतली मूठ उपटली, रुमालानं पुसली, पुतळ्याच्या रिकाम्या खड्ड्यात बसवली आणि मुलांकडे वळून शांतपणे म्हणाली, "हे स्वादुपिंड. जाड टोक लहान आतड्याच्या वळणात बसतं, निमुळतं टोक प्लीहेकडे. ही त्याची खरी जागा. मघाशी पाहिलीत ती नव्हे."

वर्गात हशा पिकला. गणिताचे सर तर बाकावर डोकं टेकवून हसत होते. पण त्यानंतर मेहुणीचा आवाज एकदाही कापला नाही. एकेक अवयव काढून दाखवत तिनं तास असा रंगवला की मीही दाराशी खिळून राहिलो. जिना उतरताना पुतळा तिरका झाला होता, एवढंच काय ते रहस्य.

"नोकरी कायम समजा," मोठ्या बाई जाताना म्हणाल्या. "श्वसनसंस्थेच्या दिवशी तेवढं भाऊजींना घरी ठेवा."

मेहुणीनं डोळे पुसत डबा उघडला आणि पहिला घास मला दिला. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला.

संध्याकाळी मी बायकोला ऐकवलं, "चोरीचा माल पहिल्यापासून माझ्याच ताब्यात होता. किती गुप्तहेरांना जमतं हे?"

तिनं नुसता हात पुढे केला.

"काय?"

"खिसे उलटे करा, अहो. सगळे."

चष्मा डाव्या खिशात होता.