आवरलेलं घर

तपासनीस बाई दुपारी येणार म्हणून सूनबाईंनी सकाळपासून घर आवरायला घेतलं, आणि तिथेच सगळं चुकलं.

बाई काही पाहुण्या म्हणून येत नव्हत्या. आप्पांना, म्हणजे सूनबाईंच्या सासऱ्यांना, किती मदत लागते हे बघून सरकारी योजनेतून रात्रीची मदतनीस द्यायची की नाही, ते त्या ठरवणार होत्या. नवरा नोकरीला परगावी. आप्पांच्या हाकांना उठून उठून सूनबाई इतक्या थकल्या होत्या, की परवा चहात साखरेऐवजी मीठ पडलं आणि त्यांनी तो चहा निमूट पिऊनही टाकला. मदतनीस मिळाली नाही तर आता आपणच अंथरूण धरणार, हे त्यांना कळत होतं. पण परकं माणूस येणार आणि घरात पसारा? ही सवय काही जात नाही. वॉकर, कमोडची खुर्ची, रबरी चादर, औषधांचं खोकं, सगळं त्यांनी बैठकीतल्या कपाटात कोंबलं. आप्पांची दाढी केली, इस्त्रीचा सदरा चढवला. या घरात कुणी आजारी आहे, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

उरलंसुरलं आप्पांनी केलं. उभा जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेलेला. बाई आल्या तेव्हा ते खुर्चीतसुद्धा सावधान बसले होते.

"आंघोळ स्वतःची स्वतः करता, आजोबा?"

"मग काय शेजारी येऊन घालतात?"

"कपडे?"

"हे बघा की. एक तरी बटण चुकलंय का?"

सगळी बटणं सूनबाईंनी लावली होती. "आप्पा, खरं काय ते सांगा ना," त्या कळवळून म्हणाल्या.

"खोटं बोलायची मला सवय नाही," आप्पा खोटं बोलले.

बाई लख्ख खोलीकडे बघत 'मदतीची गरज नाही' असं लिहीत चालल्या होत्या. सूनबाईंना राहवेना. "अहो, वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही त्यांना."

"कुठाय वॉकर?"

आता लाज धरायची की वॉकर दाखवायचा? सूनबाईंनी कपाटाची कडी काढली. आधी वॉकर आला, त्याच्या मागे खुर्ची, मग गोळ्या सांडत खोकं, आणि शेवटी रबरी चादर उलगडत थेट बाईंच्या पायाशी जाऊन थांबली. गोळ्या वेचायला सूनबाई खाली बसल्या, पाठ कपाटाला टेकली, आणि दोन गोळ्या मुठीत घेऊन त्यांना तिथेच गाढ झोप लागली.

बाई पसाऱ्याकडे बघत राहिल्या. "हे सगळं कुणाचं?"

आप्पांनी सुनेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हिचं."

"यांचं?"

"फार त्रास आहे हो हिला. रात्रीची झोप नाही. सारखी उठते बिचारी."

"कशासाठी?"

"मी हाक मारली की."

"आणि हाक कशाला मारता?"

"एकट्याला उठवत नाही म्हणून," आप्पा बोलून गेले आणि सावरले, "म्हणजे, हिला. एकटीला उठवत नाही."

"जेवण?"

"गरम जेवताना मी तरी पाहिली नाही. आधी भरवायचं, मग तोंड पुसायचं. तोवर हिचं ताट गार."

"पाठ दुखते यांची?"

"दुखणारच. माझं वजन काय कमी आहे?"

बाईंनी आधी लिहिलेलं सगळं खोडलं. चेहरा मात्र जराही हलू दिला नाही. "रात्रीची मदतनीस मिळेल. गरज कुणाला आहे म्हणून लिहू?"

"हिलाच की. मला काय धाड भरलीय? आणि जरा हळू बोला, झोपलीय ती."

बाईंनी काय लिहायचं ते लिहिलं आणि त्या उठल्या. बाईमाणूस उठल्यावर आपण बसून राहू नये, म्हणून आप्पांनीही खुर्चीच्या हातांवर भार दिला. पुन्हा एकदा दिला. मग सदरा नीट करून ते होते तसेच बसले. सुनेला हाक मारायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटून घेतलं.

"बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "जाता जाता तो वॉकर तेवढा इकडे सरकवा. हिचाच आहे. पण माझ्या हाताशी असलेला बरा."