मल्लप्पाअण्णांचे चित्रकार

मल्लप्पाअण्णांच्या किराणा दुकानात चित्र असलेल्या कागदात माल कधी बांधून मिळत नसे. रद्दीत चित्र दिसलं की अण्णा ते अलगद फाडून गल्ल्याखाली सरकवत आणि उरलेल्या पानाचा पुडा बांधत. दुष्काळ सरला त्या वर्षी मी शिक्षक म्हणून सोलापुरात आलो, दुकानाशेजारीच खोली घेतली. एकदा गुळाच्या पुड्यावर अर्धीच गोष्ट निघाली. पुढचं पान मागायला गेलो तर म्हणाले, "चित्र बघा की मास्तर. शेवट त्यातच हाय."

चित्रकारांची नावं त्यांना वाचता येत नसत, म्हणून त्यांनी सरळ नातीच लावली होती. गिऱ्हाईक तूरडाळीसाठी ताटकळत उभं, आणि अण्णा कागद उजेडाला धरून सांगताहेत, "ह्यो इंग्रज मामा. मोकळी जागा बघवत न्हाय त्याला, रेघा मारमारून कागद काळा करतो. आमचा जपानी तात्या बघा. चार रेघांत बगळा, बाकी कागद तसाच सोडला. लई समाधानी माणूस." रशियन काका अस्वलालासुद्धा कोट घालतो म्हणून त्यांचा लाडका. इराणी चाचावर मात्र राग. "सावलीच काढत न्हाय ह्यो. सोलापुरात ऱ्हायला असता तर आधी सावली काढली असती."

एवढी चित्रं जातात कुठं, ते कळत नव्हतं. दुकानाच्या भिंतीवर एकही नव्हतं.

एका उन्हाळ्यात बरेच दिवस रद्दीत चित्रंच आली नाहीत. अण्णा गप्पगप्प झाले. मी एक जुना दिवाळी अंक घेऊन दुपारी दुकानामागच्या त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. खाटेवर त्यांची बायको गौराक्का बसली होती. आजारपणात तिची नजर गेल्याचं ऐकून होतो. अण्णा समोर स्टुलावर बसून तिला कानडीत सांगत होते. माझं आजोळ अक्कलकोटकडचं, त्यामुळं समजत होतं.

"विहिरीच्या पायरीवर एक बाई बसलीय. पाय पाण्यात सोडलेत. हिरवं इरकली लुगडं."

"काठ?"

"लाल."

"कुणी काढलंय? रशियन काकानं?"

अण्णांच्या हातातल्या कागदावर नुसते बाजारभाव छापलेले होते.

"नवीन आहे कुणीतरी. सोलापूरचाच."

"बरा काढतो," गौराक्का म्हणाली. मग थोड्या वेळानं, "त्याला म्हणावं, त्या बाईशेजारी कुणाला तरी बसव."

अण्णा स्टुलावरून उठले आणि खाटेवर तिच्याजवळ जाऊन बसले.

"बसवलाय," म्हणाले.