डाव्या दाराचा पोचा

दोब्रिवोये अंगणात गुडघ्यांवर बसून आपल्या कुमाच्या, म्हणजे धर्माच्या नात्याने जोडलेल्या स्रेत्कोच्या, गाडीच्या डाव्या दाराला गुलाबी लगदा फासत होता आणि त्याची बायको विदोसावा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते बघत होती. लगदा दातांचे ठसे घेण्याचा होता. दोब्रिवोये चाचाक गावात कवळ्या बनवायचा. निम्मं गाव त्याने बनवलेल्या दातांनी हसायचं, आणि त्याच दातांनी त्याच्यामागे त्याची निंदाही करायचं.

"गाडीची दाढ दुखतेय का?" विदोसावाने विचारलं.

"हळू बोल. स्रेत्को ऐकेल."

"तो आत बसून तुझी राकिया पितोय. त्याच्या कानाशी आत्ता तोफ उडवली तरी त्याला कळणार नाही. काय करतोयस ते सांग."

"ठसा घेतोय. पोच्याचा."

"मोबाइल आहे ना खिशात? फोटो काढ की!"

"फोटोत खोली कळत नाही. फोटो बघून कवळ्या बनवल्या असत्या तर अख्खं गाव पेजेवर जगलं असतं. आणि हे बघ, त्याला एक अक्षर सांगायचं नाही."

हा पोचा स्रेत्कोच्या मेंढ्याने पाडला होता. मेंढ्याला गाडीच्या दारात दुसरा मेंढा दिसला, तेवढं कारण त्याला पुरलं. गाडी म्हणजे फिचा, एकेकाळी या देशात घरटी एक असायची ती चिमुकली, इंजिन मागे असलेली. स्रेत्कोच्या फिचाचा पुढचा पत्रा एका निळ्या रंगाचा होता आणि बाकीची गाडी दुसऱ्या. बंपर तारेने बांधलेला. दाराला कपाटाची मूठ. इंजिन तापू नये म्हणून मागचं झाकण लाकडाची दांडी लावून कायम उघडं ठेवलेलं. गाडी चालायची, आणि ती कशी चालते हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

दोब्रिवोयेला ती हवी होती. खरी नव्हे, चोविसाव्या हिश्शाची. लहान गाड्या बनवणं हा त्याचा छंद होता आणि दुसरा नंबर मिळवणं ही त्याची सवय झाली होती. दर शरदात गावच्या सांस्कृतिक भवनात स्पर्धा व्हायची आणि दर शरदात पहिलं बक्षीस कुठल्यातरी लालभडक इटालियन शर्यतीच्या गाडीला जायचं. खोका उघडायचा, तुकडे चिकटवायचे, लाल रंग फवारायचा, वर आरशासारखं पॉलिश करायचं, की परीक्षकांच्या तोंडाला पाणी सुटलं. ज्यांनी जन्मात कधी गाडीखाली डोकं घातलेलं नसतं अशाच लोकांना गाड्यांचे परीक्षक करतात. दोब्रिवोयेनेही लाल गाड्या करून पाहिल्या होत्या. दुसरा आला होता. मोडकी जुनी मॉडेलं भंगारातून उचलून, रंग खरवडून नव्यासारखी केली होती. तरी दुसराच. दुसरा नंबर म्हणजे लोकांनी पाठ थोपटायची आणि जेवायला पहिल्याबरोबर जायचं.

यंदा मात्र स्पर्धेत 'रस्त्यावरची गाडी' असा नवा विभाग होता. खऱ्या, चालत्या गाडीची हुबेहूब प्रत करायची आणि मूळ गाडीचा पुरावा दाखवायचा. हुबेहूब म्हटल्यावर दोब्रिवोयेला पहिल्यांदाच वाटलं, की ही स्पर्धा आपल्यासाठी आहे. आयुष्यभर त्याने दुसरं काय केलं होतं? माणसाचा जबडा जसा वाकडा असेल तसाच वाकडा प्लास्टरमध्ये उतरवायचा.

आत स्रेत्को खिडकीशी आला. हातात पेला होता. आपला कुम आपल्या गाडीपुढे गुडघे टेकून बसलाय आणि दारावरून मायेने बोटं फिरवतोय, हे त्याने पाहिलं.

"वहिनी, काय चाललंय याचं?"

विदोसावाला खोटं बोलता येत नसे. गप्प राहणं तर त्याहून जमत नसे.

"मला बोलायची बंदी आहे, भावजी. एवढंच सांगते, तुमच्या गाडीचंच काम आहे. शरदातल्या त्या समारंभात कळेल सगळ्यांना."

स्रेत्कोने उरलेली राकिया एका घोटात संपवली. त्याला सगळं समजलं. म्हणजे चुकीचं समजलं, पण अगदी शेवटापर्यंत समजलं. कुम आपली गाडी गुपचूप दुरुस्त करून देणार आणि भर समारंभात भेट देणार! त्याचे डोळे भरून आले. घरी पोचेपर्यंत मात्र डोळे कोरडे झाले होते आणि कानशिलं तापली होती. दोब्रिवोयेच्या लग्नात साक्षीदार म्हणून कोण उभा राहिला होता? स्रेत्को. त्याच्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर कुणी धरलं होतं? स्रेत्कोने. अशा कुमाने द्यायचं असतं, घ्यायचं नसतं. लोक काय म्हणतील, कुमाच्या जिवावर गाडी रंगवली?

तो तसाच आपल्या मेव्हण्याकडे गेला. मेव्हण्याचं पत्र्याच्या कामाचं गॅरेज होतं.

"हिचं डेंटिंग-पेंटिंग कर," स्रेत्को म्हणाला.

मेव्हण्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. "हिचं काय, अंत्यसंस्कार म्हणा. भाऊजी, एवढी वर्षं मागे लागलो होतो तेव्हा ऐकलं नाहीत. आज अचानक?"

"आज अब्रूचा प्रश्न आहे."

त्यानंतर स्रेत्को बसने येऊ लागला. "गाडी कुठाय?" असं दोब्रिवोयेने एकदा विचारलं. "बॅटरी उतरलीय," स्रेत्को म्हणाला आणि मिशीत हसला. दोब्रिवोयेही हसला. मापं सगळी घेऊन झाली होती. पत्र्यावरचा खरा गंजसुद्धा त्याने खरवडून औषधाच्या बाटलीत भरून आणला होता. गंज रंगाने दाखवणाऱ्यांचा त्याला राग होता. दोघंही एकमेकांपासून काहीतरी लपवत होते आणि दोघांनाही दुसरा किती भोळा आहे याचं कौतुक वाटत होतं.

स्पर्धेच्या दिवशी मुख्य परीक्षक इंजिनियर तिहोमिर हातात टॉर्च घेऊन टेबलांमधून फिरत होता. दोब्रिवोयेच्या टेबलाशी तो थांबला. टॉर्च लावला. विझवला. पुन्हा लावला.

"वाटेत आपटली का हो?"

"नाही."

"दार चेपलंय."

"मेंढ्याने चेपलंय."

"तुमच्या घरात मेंढा फिरतो?"

"मूळ गाडीला मेंढ्याने धडक दिली होती. हे अगदी तसंच आहे."

तिहोमिरने कागदावर काहीतरी खरडलं. "रंगाची छटा दोन ठिकाणी दोन. मागचं झाकण बसत नाही, काडी लावून उघडं ठेवलंय. बंपर सुटलाय, तो तुम्ही तारेने बांधलाय. दुरुस्ती सफाईदार नाही."

"ती दुरुस्ती नाही! ती गाडीच तशी आहे!"

"अहो, अशी गाडी रस्त्यावर चालेल का?"

"रोज चालते!"

"मग फोटो दाखवा."

"फोटो नाहीत." दोब्रिवोयेने खिशातून प्लास्टरचा एक तुकडा काढला. "हा त्या पोच्याचा ठसा."

तिहोमिरने तो टॉर्चखाली धरला. "ही टाळू आहे. वरची. माझ्या आईची अशीच होती."

शेजारच्या टेबलावरचा लाल इटालियन गाडीवाला तोंडावर हात ठेवून हसला. दोब्रिवोयेचा तोल गेला. इतक्या वर्षांचे सगळे दुसरे नंबर एकदम त्याच्या घशाशी आले.

"ऐका सगळ्यांनी!" तो ओरडला. "ही माझ्या कुमाची, स्रेत्कोची गाडी आहे. तो आत्ता ती घेऊन इथेच येतोय. बाहेर चला आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. यातला एक ओरखडा जरी खोटा निघाला, तरी मी पुन्हा या भवनात पाय ठेवणार नाही!"

सगळे बाहेर आले. परीक्षक आले, स्पर्धक आले, फुकटचा केक खायला जमलेले लोक केकसकट आले. दोब्रिवोये रस्त्याच्या वळणाकडे कान लावून उभा राहिला. स्रेत्कोची गाडी दिसण्याआधी ऐकू यायची. म्हातारा दम्याने खोकावा तसा आवाज असायचा तिचा. वळणाकडून काहीच ऐकू आलं नाही. आणि मग वळणावरून एक फिचा आली. एकाच निळ्या रंगाची, काचेसारखी चकचकीत. बंपर चांदीचा वाटावा असा. मागचं झाकण बंद.

"किती गोड!" कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या.

लग्नातला सूट घातलेला स्रेत्को गाडीतून उतरला आणि हात पसरून थेट दोब्रिवोयेकडे आला. "काय कुमा? कळलं होतं मला सगळं! तुला खर्चात पडू देईन का मी?"

दोब्रिवोयेचं तोंड उघडंच राहिलं. ज्या तोंडाचा ठसा घ्यायचा ते असंच उघडं ठेवावं लागतं.

"हीच का ती गाडी?" तिहोमिरने विचारलं.

"हीच," दोब्रिवोये म्हणाला. "म्हणजे... हीच होती."

"आत या, साहेब," तिहोमिर स्रेत्कोला म्हणाला. "तुमच्या गाडीची प्रत बघा."

स्रेत्को हसत हसत टेबलाशी गेला आणि वाकला. त्याने दोन निळे रंग पाहिले, कपाटाची मूठ पाहिली, मेंढ्याचा पोचा पाहिला. त्याचं हसू हळूहळू आवळत गेलं. आजूबाजूला निम्मं गाव उभं होतं. त्याच्या गल्लीतले लोक होते, लाल गाडीवाला होता, आणि सगळे एकदा मॉडेलकडे तर एकदा त्याच्या सुटाकडे बघत होते.

"खरं सांगा," तिहोमिर म्हणाला, "तुमची गाडी कधी अशी होती?"

एक 'हो' पुरला असता. पहिलं बक्षीस त्या एका अक्षरावर अडलं होतं. दोब्रिवोये कुमाच्या ओठांकडे बघत राहिला.

"माझी?" स्रेत्को म्हणाला. "असली? जन्मात नाही! ही कुठल्या उकिरड्यावरची?"

विदोसावाने तोंड उघडलं. दोब्रिवोयेने तिच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. गावात साक्षीदार काही कमी नव्हते. त्या गाडीने धक्का मारायला लावलेली माणसं तिथेच केक खात होती. पण सख्ख्या भावाशी कोर्टात भांडता येतं. कुमाला चार लोकांत खोटं पाडता येत नाही. हा कायदा कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून तर लोक तो पाळतात. केक खाणारेही पाळत होते. सगळे एकदम खाली बघून खाऊ लागले.

"माझी चूक झाली असेल," दोब्रिवोये म्हणाला.

"म्हणजे मूळ गाडीच नाही?" तिहोमिरने कागद उलटला. "मग या विभागात हिला घेता येत नाही. पण बाद कशाला करायची? मेहनत दिसतेय. 'मुक्त कल्पना' विभागात टाकतो."

'मुक्त कल्पना' विभागात सुळे बसवलेली एक शववाहिका होती आणि पंख असलेला ट्रॅक्टर होता. त्या दोघांच्या मध्ये फिचा ठेवली गेली. दोब्रिवोये खुर्चीवर बसून राहिला. विदोसावाने त्याच्या हातात कॉफी दिली. तिचा पाय अजून दुखत होता.

"बोलू द्यायचं होतंस मला," ती म्हणाली.

"काय बोलणार होतीस?"

"खरं."

"खऱ्याचा विभाग मघाशीच बंद झाला, बाई."

संध्याकाळी निकाल वाचले गेले. 'रस्त्यावरची गाडी' विभागात लाल इटालियन गाडी पहिली आली. ती गाडी या गावाच्या रस्त्यावर कुणी कधी पाहिली नव्हती. पण तिच्या मालकाने एका मासिकातला फोटो आणला होता. मग तिहोमिर घसा खाकरून म्हणाला, "मुक्त कल्पना. पहिलं बक्षीस, श्री. दोब्रिवोये. गंज, निष्काळजीपणा आणि दारिद्र्य यांची इतकी धाडसी कल्पना आपल्या भवनात आजवर कुणी केली नव्हती." भवनाच्या मागे परीक्षकांच्या स्वतःच्या गाड्या उभ्या होत्या. त्यांतल्या एकीचं दार सुतळीने बांधलेलं होतं.

दोब्रिवोये मंचावर गेला. उभ्या आयुष्यात त्याने एकही गोष्ट मनाने रचली नव्हती, आणि त्याच्या हातात आता कल्पनाशक्तीचा चषक होता. पहिला. खरोखर पहिला.

"सांगा ना सगळ्यांना," तिहोमिरने ध्वनिक्षेपक त्याच्यापुढे धरला, "तुम्हाला हे सुचलं तरी कसं?"

दोब्रिवोयेने खाली पाहिलं. पहिल्या रांगेत स्रेत्को उभा राहून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

"सुचलं," दोब्रिवोये म्हणाला. "असंच."

टाळ्यांच्या गजरात स्रेत्को मंचावर चढला. कुमाचा मान म्हणून त्याने रीतीप्रमाणे दोब्रिवोयेचे तीन मुके घेतले, एका गालाचा, दुसऱ्या गालाचा, पुन्हा पहिल्याचा. तिसऱ्या वेळी त्याने तोंड दोब्रिवोयेच्या कानापाशी नेलं.

"मागच्या काचेला कोपऱ्यात तडा होता रे," तो कुजबुजला. "तो विसरलास."

दोब्रिवोये चषक छातीशी धरून तसाच उभा राहिला. लोक अजून टाळ्या वाजवत होते. तडा खरंच राहिला होता.