प्रलोभकांनी बेल वाजवू नये

साखर वाढली की माणसाने काय करावं? कमी खावं, असं तुम्ही म्हणाल. मी आधी दोषी शोधला. (सोपं काम आधी उरकावं.)

दोषी समोरच्याच फ्लॅटमध्ये सापडला. यज्ञेश्वरराव. हा गृहस्थ ऊठसूट डबा घेऊन आमच्या दारात. इकडे आमच्या बायकोने, सुरुचीने, जाहीर केलेलं, पुढच्या रिपोर्टमध्ये साखर उतरली तरच यंदा आमरस. आमरसासाठी मी शेजारधर्मावर पाणी सोडायला तयार होतो. म्हणून दारावर पाटी लावली : 'येथे मधुमेह आहे. प्रलोभकांनी बेल वाजवू नये.'

संध्याकाळी बेल वाजली. यज्ञेश्वरराव. हातात डबा.

"प्रलोभक म्हणजे काय हो?"

"जो दुसऱ्याला मोहात पाडतो तो. समोरचा नको नको म्हणत असताना."

"म्हणजे सेल्समन."

"सेल्समन पैसे घेतो. प्रलोभक फुकट देतो."

"शी! असल्या माणसाला दारात उभं करू नये," म्हणत ते आत येऊन बसले आणि शिऱ्याचा डबा उघडला.

शिरा नाकारणं असभ्यपणाचं झालं असतं. मग डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून मी त्यात बर्फी भरली. चव घेतल्याशिवाय कुणाला काही देऊ नये, हाही संस्कारच. दुसऱ्या दिवशी डबा लाडू घेऊन परत आला. संस्कार त्यांच्यावरही होते. महिनाभर तो डबा काही रिकामा झाला नाही.

रिपोर्ट आला. साखर आणखी वर.

"बघ, त्या प्रलोभकाने घात केला!" मी ओरडलो.

सुरुचीने शांतपणे दार उघडलं. समोरच्या दारावर श्यामलावहिनींची ताजी पाटी होती : 'आमच्या ह्यांचीही साखर वाढली आहे. समोरच्या प्रलोभकाने डबा भरून पाठवू नये.'

शब्द अगदी अचूक वापरला होता. मला फार वाईट वाटलं.

त्या रविवारी आमरस झाला, पण समोर, दोघी बायकांपुरता. आम्हा दोघांना आमच्या हॉलमध्ये कारल्याचा रस देऊन बसवण्यात आलं. एक घोट घेऊन यज्ञेश्वरराव हळूच म्हणाले, "चिमूटभर साखर घातली तर उतरेल बरं का घशाखाली."

मी नको नको म्हणत स्वयंपाकघरात गेलो. साखरेच्या डब्यावर सुरुचीच्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं : 'आलात?'