बारा वाजेपर्यंतचा चष्मा

आईला तिच्या घरातून आमच्याकडे हलवायचं काम मी अर्ध्या दिवसात उरकणार होतो. उगीच बढाई मारत नाही, आमच्या ऑफिसची तीन मजल्यांवरची कपाटं मी एका रविवारात हलवलेली आहेत! तिथे एक आई म्हणजे किस झाडकी पत्ती? चारचा टेम्पो सांगून ठेवला होता, बायकोनं खोली रिकामी केली होती. फक्त आईनं हो म्हणायचं राहिलं होतं.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. गेली दोन वर्षं तिला समोरचं दिसत नाही. नजरेच्या बरोबर मधोमध काळा डाग, आणि कडेकडेनं काय दिसेल तेवढंच. तुमचा चेहरा बघायचा असला की ती तुमच्या कानाकडे बघते. ही युक्ती तिला पुनर्वसन केंद्रातल्या बाईंनी शिकवली. त्या बाई सहा महिने आठवड्यातून दोनदा घरी येत होत्या. शेगडीच्या बटणांवर फुगीर ठिपके, पायरीच्या कडेला पिवळी पट्टी, बरण्यांना रबरबँड, असं काय काय त्यांनी केलं होतं. त्या दिवशी अकरा वाजता केंद्रातून दुसरेच कुणी साहेब परीक्षा घ्यायला येणार होते, कारण बाईंनी आपल्याच विद्यार्थिनीला मार्क द्यायचे नाहीत असा तिथला नियम. आई एकटी राहू शकते की नाही ते साहेब लिहिणार, आणि ते लिहितील ते आम्ही मायलेकांनी मुकाट्यानं ऐकायचं, असं ठरलं होतं.

मी दोन तास आधीच पोचलो. आई अंघोळीला गेलेली. म्हटलं, बसून काय करायचं? स्वयंपाकघर आवरून टाकलं! बरण्या पुसल्या, उंचीप्रमाणे लावल्या, त्यांच्या गळ्यातले ते मळके रबरबँड काढून कचऱ्यात टाकले. आई आली, तिनं चहा केला. पहिल्या घोटाला माझे डोळे पांढरे झाले.

"मीठ! चहात मीठ! आणि म्हणे मी एकटी राहणार!"

आईनं बरणीच्या गळ्याभोवती बोट फिरवलं.

"माझे रबरबँड कुठेत?"

"टाकले. किती गबाळं दिसत होतं ते!"

"अरे शहाण्या, बिनरबराची साखर, एक रबर मीठ, दोन रबर धुण्याचा सोडा. तू सगळ्याच बरण्या साखरेच्या करून ठेवल्यास! मीठच लागलं हे नशीब समज."

चूक माझी होती. पण चूक कबूल करायला माणसाला आधी गप्प बसावं लागतं, आणि ते मला जमत नाही. मी म्हणालो, "तेच तर म्हणतोय मी! रबरावर चालणारं घर हे काय घर आहे?"

आई उठली आणि कपाटातून एक चष्मा घेऊन आली. दोन्ही काचा धुरकट, मधोमध काळं वर्तुळ.

"नातेवाइकांच्या बैठकीत हा घालायला देतात. म्हणजे आम्हाला कसं दिसतं ते कळतं. तू तीनही बैठकांना आला नाहीस, म्हणून बाईंनी घरीच पाठवलाय. बारा वाजेपर्यंत घाल. नुसतं बसायचं नाही, फरशी पुसायची, भांडी लावायची. टिकलास तर साहेब काहीही लिहोत, मी माझ्या हातानं बॅग भरते. मध्येच काढलास तर टेम्पो परत."

"बारा? अगं, उद्याच्या बारापर्यंत घालतो!"

घातला. पहिल्या मिनिटात टेबल लागलं, दुसऱ्या मिनिटात दार, आणि तिसऱ्या मिनिटाला माझा उजवा पाय फरशी पुसायच्या बादलीत होता. शेवटी कोपऱ्यातली आईची पांढरी काठी चाचपून घेतली. तेवढ्यात बेल वाजली. आई सरसर जाऊन दार उघडून आली. तिला त्या घरात दिसायची गरजच नाही! आणि मी? चष्मा, काठी, गुडघ्यापर्यंत भिजलेली विजार, तीन दिवसांची पांढरी दाढी आणि टक्कल.

"नमस्कार आजोबा," परीक्षेचे साहेब थेट माझ्यापाशी येऊन म्हणाले. त्यांच्या कागदावर नुसतं आडनाव आणि वय होतं, हे मला मागाहून कळलं. "चौऱ्याहत्तर ना? वाटत नाही हो! सत्तरच्या आतले वाटता."

मी पन्नाशीचासुद्धा नाही! अजून दोन वर्षं आहेत!

"आणि या आपल्या बहीण का?"

"मोठी," आई लाजून म्हणाली. "थोडीशीच."

"अहो साहेब, ही आई आहे माझी! पेशंट ती! मला अगदी स्वच्छ दिसतं!"

"हो, हो," साहेब मायेनं म्हणाले. "सुरुवातीला सगळ्यांना तसंच वाटतं."

"वाटतं काय! हा चष्मा काढला ना, की सगळं दिसतं मला!"

"मग काढा."

"नाही काढता येत."

"का बरं?"

"पैज लागलीय."

साहेबांच्या पेनाचा आवाज मला ऐकू आला. बराच वेळ लिहीत होते.

"सकाळपासून असंच चाललंय," आईनं सुस्कारा सोडला. माझी सख्खी आई!

साहेबांनी मला स्वयंपाकघरात नेलं. पहिलं काम, कपात पाणी ओतायचं. कपाच्या काठाला अडकवायचं एक पिटुकलं यंत्र असतं, पाणी वर आलं की ते पीं करतं. मी ते अडकवलं आणि ऐटीत पाणी ओतत राहिलो. पीं काही होईना. मोठा कप दिसतोय, म्हटलं!

"आजोबा, यंत्र साखरेच्या बरणीला लावलंय," साहेब म्हणाले. "आणि पाणी माझ्या बुटात जातंय."

दुसरं काम, आपल्या माणसाला फोन. मोठ्या आकड्यांचा फोन होता. मी बायकोला लावला आणि ओरडलो, "अगं, सांग यांना मी कोण आहे! हे मला आजोबा म्हणताहेत!" पलीकडून एक जाडा आवाज आला, "काका, टेम्पो चारलाच ना?" साहेबांनी हळूच फोन माझ्या हातातून काढून घेतला.

मग शेगडी. मी बटण फिरवलं, खटकन जाळ लागला आणि मी जागीच थिजलो. आवाज येत होता, ऊब लागत होती, पण जाळ कुठे आहे ते कळेना. हात हवेतच राहिला. खोटं कशाला बोलू, घाबरलो. आईनं माझं मनगट धरलं आणि बोट बटणावरच्या ठिपक्यावर ठेवलं.

"हा ठिपका वर आला की बंद. घाबरू नकोस, मीपण पहिले आठ दिवस रडले होते."

हे मला माहीतच नव्हतं. ती रडली, शिकली, आणि मी तीन बैठकांतल्या एकीलाही फिरकलो नव्हतो. मला लाज वाटली, अगदी मनापासून. बाराला सात मिनिटं कमी होती. मी चष्मा काढून ओट्यावर ठेवला.

"हरलो," म्हटलं.

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग सगळा उलगडा झाला. ते आधी संतापले, मग बुटातलं पाणी बेसिनमध्ये ओतताना हसायला लागले आणि शेवटी माझा फॉर्म आम्हाला वाचून दाखवला : "एकटे राहण्यास पूर्णपणे असमर्थ. थोरल्या बहिणीच्या देखरेखीखाली ठेवावे." आईनं तो कागद मागून घेतला. सुनेला दाखवायचाय म्हणे!

आईची परीक्षा वीस मिनिटांत आटोपली. पाणी कपातच पडलं, फोन सुनेलाच लागला, आणि नवे रबरबँड तिनं माझ्याकडूनच बरण्यांना घालून घेतले. शेरा आला, "एकट्या राहण्यास समर्थ." मी टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलं. आईनं साहेबांसमोरच माझ्या टकलावरून हात फिरवला.

जाता जाता साहेबांनी फॉर्मचा शेवटचा रकाना भरला. रकान्याचं नाव, "घरातले धोके." मी तो मोठ्यानं वाचला.

"एक, न्हाणीघरातलं घसरणारं पायपुसणं. दोन, मुलगा. उपाय, दोन्ही ताबडतोब घराबाहेर काढावेत."

"पायपुसणं राहू द्या," आई म्हणाली. "ते बिचारं कशाला हात लावत नाही!"