परजंगली रंगनाथाचं सांबर

एका जंगलात, मुलांनो, सांबरं भरपूर होती. त्याच्या शेजारच्या जंगलात फक्त भूक भरपूर होती. दोन्हींच्या मधून एक ओढा वाहायचा. तुमच्यापैकी कुणीही पाठीवर दप्तर असताना एका उडीत ओलांडला असता, एवढासाच.

ओढ्याच्या या काठाला वेळूबन, त्या काठाला ऐनबन. पूर्वी दोन्ही मिळून एकच जंगल होतं. मग कुणीतरी नकाशा काढला. नकाशा काढून झाल्यावर थोडी शाई उरली, म्हणून त्याने ओढ्यावर एक रेघ मारली. त्या दिवसापासून ओढा हा ओढा राहिला नाही, हद्द झाला. पाण्याला हे कुणी कळवलं नाही, त्यामुळे ते बिचारं वाहतच राहिलं.

वेळूबनात रंगनाथ नावाचा बिबट्या होता. तरुण, देखणा, आणि रांगेत उभं राहिलं की आपला नंबर येतोच, असं मानणारा. त्याचं लग्न पलीकडच्या खंडेरावमामांच्या मंजुळेशी ठरलं होतं. बिबट्यांत एक रीत असते. नवऱ्या मुलाने आपल्या नावावरचं एक सांबर सासरच्या उंबऱ्यावर आणायचं. सांबर उंबऱ्यावर आलं की अक्षता पडतात. नाही आलं तर अक्षता पडत नाहीत, आणि मुलगी दुसऱ्याला देतात.

आता वेळूबनातली सांबरं कुठे गेली? वेळू फुलला, वाळला आणि मेला. सांबरं उठली आणि खायला मिळेल तिथे, म्हणजे ओढा ओलांडून ऐनबनात गेली. त्यांना कुणी काही विचारलं नाही. उलट, पलीकडे पाय टेकताच ती ऐनबनाची पिढीजात संपत्ती ठरली.

रंगनाथ मात्र त्यांच्या मागोमाग पाय टेकायला गेला, तेव्हा काठावर एक खिडकी उघडलेली होती. खिडकीत साळिंदरबाई बसल्या होत्या. जंगलाने त्यांना परवाना अधिकारी नेमलं होतं, कारण त्यांच्या अंगावर लेखण्या फुकट उगवायच्या. एक झिजली की पाठीवरून दुसरी उपटायची.

बाईंनी त्याला नीट समजावून सांगितलं. ऐनबनात शिकार करायची तर बिल्ला लागतो. सांबर पडलं की बिल्ला त्याच्या कानाला बांधायचा. एका सांबराला एकच बिल्ला, आणि एकदा बांधला की ते सांबर दफ्तरातून कमी. स्थानिकांसाठी दहा बिल्ले, एक मोरपीस देऊन. परजंगली प्राण्यांसाठी एकच बिल्ला, दहा मोरपिसं देऊन, तोही सोडतीत नाव निघालं तर.

रंगनाथने दहा पिसं गोळा केली. डोळे बांधलेल्या माकडाने सोडत काढली. नाव निघालं नाही. बाईंनी त्याच्या अर्जावर एक गुण लिहिला. हा प्रतीक्षा गुण, त्या म्हणाल्या. त्याचा उपयोग काय, असं त्याने विचारलं. तर, थांबल्याबद्दल गुण मिळतो आणि गुण मिळाले की पुढच्या वर्षी थांबायला प्राधान्य मिळतं, असं त्यांनी सांगितलं. रंगनाथला हे न्याय्य वाटलं. मी तुम्हाला म्हटलंच, तो देखणा होता.

दुसऱ्या वर्षी पिसं चाळीस झाली. शिवाय अंगात झेंडूच्या रंगाचं जाकीट हवं, त्याला घुंगरू हवेत आणि शिकार फक्त मंगळवारी हवी. जाकीट कशाला? तर सांबरांना शिकारी लांबून दिसावा म्हणून. म्हणजे शिकार सुरक्षित होते. नाव यंदाही निघालं नाही. गुण दोन झाले.

तिसऱ्या वर्षी पिसं एकशे एक. मोर नाचायचे बंद झाले. नाचून दाखवायला मागे काही उरलंच नव्हतं.

संध्याकाळी मंजुळा ओढ्यातल्या मधल्या दगडावर येऊन बसायची. तो दगड कुठल्या जंगलाचा हे नकाशात लिहायचं राहिलं होतं, म्हणून दोघांना तिथे भेटता यायचं. ती पंजाने खेकडा पकडायची आणि अर्धा त्याला द्यायची.

"किती झाले गुण?" तिने एकदा विचारलं.

"तीन होतील."

"आणि माझं वय विचार ना. तेही वाढतंय. त्याला मात्र कुणी गुण देत नाही."

मग तिने खरी बातमी सांगितली. मामा म्हणाले होते, हा हिवाळा शेवटचा. शेवटच्या मंगळवारपर्यंत सांबर उंबऱ्यावर आलं नाही, तर मुलगी सर्जेरावाला.

हा सर्जेराव कोण? ऐनबनातला सात वर्षांचा बिबट्या. स्वतः कधी धावायचा नाही, पण दुसऱ्याच्या धावण्याविरुद्ध त्याचं मत ठाम होतं. "ऐनबनाचं सांबर ऐनबनाच्याच पोटात" ही घोषणा त्याची. ती तो उंच ऐनाच्या फांदीवरून द्यायचा, आणि खाली तरसं टाळ्या वाजवायची. तरसांना सांबर कधीच मिळत नसे. पण ते बाहेरच्याला मिळत नाही, या विचारानेच त्यांचं निम्मं पोट भरायचं.

त्या वर्षी सर्जेरावाने सभा घेतली. स्थानिक कुणाला म्हणायचं, हे एकदा ठरवाच, असा त्याचा आग्रह होता. जो ऐनबनात सलग पाच वर्षं राहिला तो स्थानिक, असं एक लांडगा म्हणाला. लगेच दुसरा म्हणाला, पाच फारच कमी, दहा करा. आपलं प्रेम त्याच्यापेक्षा कमी दिसेल की काय, या भीतीने सर्जेराव फांदीवर उभा राहिला आणि पंधरा म्हणाला. टाळ्या थांबेनात. राजा वाघ पाहुणा म्हणून आला होता. त्यालाही भरून आलं. त्याने तिथेच पंजा उमटवला आणि कायदा झाला.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव ऐटीत खिडकीपाशी गेला. एक मोरपीस पुढे केलं आणि स्थानिकाचा बिल्ला मागितला.

"पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा?" साळिंदरबाईंनी विचारलं.

"बाई, माझा जन्म इथला. त्या समोरच्या झुडपातला."

"कधीचा?"

सर्जेरावाने सांगितलं. बाईंनी बोटांवर मोजलं. मग लेखणीने परजंगली रांगेकडे दाखवलं.

मुलांनो, बिबट्या किती वर्षं जगतो, ठाऊक आहे? बारा-तेरा. लांडगा त्याहून कमी. वाघही फार तर पंधरा, आणि शेवटची दोन वर्षं त्याला खिडकीपर्यंत चालवत नाही. सभेत हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण सगळ्यांना स्वतःपेक्षा शेजाऱ्याचं वय मोजायची सवय होती.

दुपारपर्यंत सगळं ऐनबन परजंगली रांगेत उभं होतं. राजाही होता. तो अकरा वर्षांचा होता. कायदा मागे घ्यावा, तर तो स्थानिकांचा अपमान झाला असता, आणि जंगलभर शोध घेतला तेव्हा स्थानिक म्हणून तळ्यातली दहा कासवं सापडली. स्थानिकांचे दहाच्या दहा बिल्ले त्यांना मिळाले. कासवं कमळाचे देठ खातात. पण एका पिसात मिळतोय तर कशाला सोडा, असा त्यांनी विचार केला आणि बिल्ले कवचाखाली ठेवून दिले.

आणि या लांबलचक रांगेत सगळ्यात पुढे कोण होतं? रंगनाथ. कारण एवढ्या गर्दीत बाईंनी सोडत न काढता गुणांप्रमाणे रांग लावली होती, आणि यंदाच्या थांबण्याचा धरून तीन गुण एकट्या त्याच्याकडे होते. राजाकडे एकही नव्हता. राजाने घसा खाकरून पाहिला. बाईंनी मान वर न करता, गुण नसलेल्यांनी सावलीत थांबावं, असं सांगितलं.

असा एकशे एक पिसांच्या बदल्यात परजंगली बिल्ला रंगनाथला मिळाला. तो आनंदाने उड्या मारत निघाला, तर बाईंनी मागे बोलावलं. नवीन कलम आलं होतं. परजंगली शिकाऱ्याने स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यायचा, वाटाड्याच्या मागून चालायचं आणि त्याला ओलांडून पुढे जायचं नाही.

स्थानिक म्हणजे कोण, ते आता तुम्ही सांगा.

दामूअण्णा कासव मंगळवारी पहाटेच निघाले. त्यांच्या मागे झेंडूचं जाकीट घातलेला, घुंगरू वाजवणारा रंगनाथ. दुपारपर्यंत ते तळ्यापासून पहिल्या चिंचेपर्यंत पोचले. वाटेत दामूअण्णा जंगलाचा इतिहास सांगत होते. संध्याकाळी सूर्य मावळला आणि मंगळवार संपला. पुढच्या मंगळवारी पुन्हा तळ्यापासून सुरुवात.

सांबरांना हळूहळू सवय झाली. ती चरता चरता मान वर करायची, आज कुठवर आले ते बघायची आणि परत चरायला लागायची. दोघांना बघून पाडसं खिदळायची. रंगनाथ मात्र पंजावर मंगळवार मोजायचा, कारण ते संपत चालले होते. शेवटच्या मंगळवारी तर चिंचेखालीच त्याने बसकण मारली आणि पंजात तोंड लपवलं.

तेव्हा नाना त्याच्याजवळ आले. नाना म्हणजे कळपातलं सगळ्यात थोराड सांबर. शिंगं अशी, की वाळत घालायला धोतर मावावं. ते चक्क चालत आले आणि चार पावलांवर उभे राहिले. रंगनाथ झेप घेऊ शकला असता. पण दामूअण्णा मध्ये होते, आणि त्यांना ओलांडायचं नव्हतं.

"जावईबापू," नाना म्हणाले, "हे घुंगरू अजून किती दिवस? पाडसांना दुपारची झोप लागत नाही हो."

रंगनाथने त्यांना सगळं सांगितलं. गुण सांगितले, पिसं सांगितली, मंजुळेचं सांगितलं. नाना रवंथ करत ऐकत होते. मध्येच त्यांनी रवंथ थांबवलं.

"तो बिल्ला कानाला बांधला की सांबर दफ्तरातून कमी होतं ना?"

"हो."

"म्हणजे मग त्याच्यावर दुसरा बिल्ला निघत नाही?"

"कसा निघेल? ते मेलेलं असतं."

"दफ्तरात," नाना म्हणाले. त्यांनी डावा कान पुढे केला. "बांध. आणि मामांचं घर कुठल्या बाजूला, ते सांग. अण्णांच्या वेगाने गेलो तर उजाडेल, म्हणून यांना मी शिंगांवर घेतो."

अशी वरात निघाली. पुढे सांबर, सांबराच्या शिंगांत वाटाड्या, मागे नवरा मुलगा. कुणीही कुणाला ओलांडलं नाही. सूर्य ऐनाच्या शेंड्याला टेकत असताना नाना खंडेरावमामांच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले.

तिथे सर्जेराव मुंडावळ्या बांधून तयारच होता. त्याने नानांकडे पाहिलं. ही कसली शिकार, असं तो ओरडू लागला. मामाही गोंधळले. रीत तर त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली, पण आजोबांच्या काळात सांबर असं श्वास घेत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. शेवटी साळिंदरबाईंना बोलावणं धाडलं. त्या आल्या. बिल्ल्याचा क्रमांक पाहिला. कान पाहिला. वार विचारला. शिंगांत दामूअण्णा आहेत, याची नोंद घेतली.

"शिकार नियमाप्रमाणे झालेली आहे," त्या म्हणाल्या.

"पण ते उभं आहे, बाई."

"उभं असण्याबद्दल नियमात काही नाही."

"हवं तर आडवा होतो," नाना समजूतदारपणे म्हणाले, "पण उठताना कुणीतरी हात द्या. गुडघे धरतात."

मंजुळा इतकी हसली, की तिला उचकी लागली. हसता हसताच तिने माळ रंगनाथच्या गळ्यात टाकली, जाकिटावरूनच. मामांनी एकदा बिल्ल्याकडे पाहिलं. जो बिल्ला राजाला मिळाला नाही, तो आपल्या जावयाला मिळाला होता. त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी बिल्ल्याला हळदकुंकू वाहिलं, नानांना शाल-श्रीफळ दिलं आणि अक्षता टाकल्या. पंगतीत खेकडे वाढले. राजा दोनदा आमटी मागून प्यायला. सर्जेराव मुंडावळ्या न सोडताच जेवला.

दुसऱ्या दिवशी खिडकीपुढे सांबरांची रांग लागली. प्रत्येकाला स्वतःच्या कानासाठी बिल्ला हवा होता. राजा इतक्या अर्जांनी सुखावला आणि त्याने बिल्ल्यांवरची मर्यादा उठवली. सांबरं मूळची वेळूबनातली, म्हणून त्यांना दर परजंगली लागला. पण पिसांना काय तोटा? मोरांनी नवी पिसं उगवून सांबरांना द्यायची आणि सांबरांनी मोरांना रानात पहारा द्यायचा, असं त्यांच्यात ठरून गेलं. त्या वर्षी ऐनबनात सांबरांची विक्रमी शिकार झाली. त्याच वर्षी सांबरांची संख्याही विक्रमी झाली. दोन्ही आकडे राजाने एकाच भाषणात वाचून दाखवले आणि दोन्हींना टाळ्या पडल्या.

रंगनाथ आणि मंजुळा आता मधल्या दगडावर राहतात. त्यांची पिल्लं खेकड्यांवर वाढली. बिबटे सांबर खातात, असं त्यांना सांगितलं तर ती पोट धरून हसतात. अलीकडे मात्र साळिंदरबाई रोज सकाळी काठावर येऊन बसतात. पाठीवरून नवी लेखणी उपटतात आणि ओढ्यातले खेकडे मोजतात.

तात्पर्य : मुलांनो, भूक लागली की धावत सुटू नये, अर्ज करावा. तो भूक लागण्याच्या तीन वर्षं आधी करावा. रांगेत शिस्तीने उभं राहावं, मागे राजा असला तरी वळून हसू नये. आणि हे काहीच जमणार नसेल, तर निदान जन्म घेताना थोडा विचार करून कासवाच्या पोटी घ्यावा.