कप्तानाचं वजन

सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या की माझ्या तागडीत सगळ्यांत आधी कुत्र्याचं पिल्लू बसायचं. शेजारचे बापू साळवी ते स्वतः आणून बसवत. बोहनी व्हायच्या आधी! राजापूरच्या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन काजू विकण्यापासून मी रत्नागिरीतल्या या दुकानापर्यंत आलो, पण सकाळच्या पारी कुत्रा तोलायची पाळी कधी आली नव्हती.

"शेटनू, कुत्रा आज काय भावानं?" जाता जाता मासळीवाली ओरडायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

बापूंनी तीस वर्षं बोटीवर नोकरी केलेली. आळीत पहिला टीव्ही आला त्याच वर्षी त्यांनी हे गावठी पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं कप्तान. सगळी आळी टीव्ही बघायची, बापू कप्तानाच्या हिरड्या बघायचे. हिरड्या गुलाबी हव्यात, कानाला वास नको, बोटांच्या बेचक्यात गोचीड नको. "बोटीवर असं चालत नाही!" हे त्यांचं पालुपद. कप्तानाला पाणी उकळून गार केलेलं. स्वतः बापू विहिरीचं तसंच प्यायचे. कप्तानाच्या रोजच्या शीची खबर मला नेमकी पोह्यांच्या बशीवर मिळायची.

"शेट, आज काय सुरेख! अगदी वडी!"

मी बशी बाजूला सारायचो.

हेही सोसलं असतं. पण पावसाळा सरता सरता कप्तान तीन दिवस ओळीनं हलका भरला. चौथ्या दिवशी, चांगली पाच-सहा गिऱ्हाइकं उभी असताना, बापू गरजले, "शेट, तुमच्या काट्यात खोट आहे!"

माझ्या काट्यात! भावात मी सख्ख्या भावाला सोडत नाही, पण मापात कुणाला मारलेलं नाही.

"चालते व्हा! आणि तो मेला कुत्रा पुन्हा माझ्या पारड्यात दिसला, तर..." पुढचं लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळपर्यंत राग उतरेना. शेवटी सरकारी शिक्क्याची वजनं पिशवीत घातली आणि सोक्षमोक्ष लावायला त्यांच्या घरी गेलो. बापू पडवीत बसले होते. मांडीवर कप्तान. पोट फुगलेलं, फासळ्या वर आलेल्या. बापू त्याला बोटानं पेज चाटवत होते.

"हे शिक्के बघा. काटा बरोबर आहे माझा."

"ठाऊक आहे हो," बापू मान वर न करता म्हणाले. "आमच्या हिच्या शेवटच्या आजारातसुद्धा मी इस्पितळात असाच भांडलो होतो. दर आठवड्याला कमी भरायची. म्हटलं, तुमचा काटा मोडलाय."

मी पिशवी गुपचूप पायाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडताच दोघांना रिक्षात घातलं आणि गुरांच्या दवाखान्यात नेलं. दारात बापू थबकले.

"तुम्हीच न्या आत. तिथं काटा असेल."

डॉक्टरांनी कप्तानाचं पोट चाचपलं, डोळे बघितले, औषध दिलं. मी बाहेर आलो तेव्हा बापू भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"जंत आहेत नुसते. वाचेल म्हणाले," मी सांगितलं. "आणि ऐका, माझ्या काट्याची माफी तुम्ही अजून मागितलेली नाही!"

पिल्लू घ्यायला बापूंनी हात पुढे केला आणि माझंच मनगट धरलं. रिक्षा आमच्या आळीत शिरेपर्यंत ते सोडलं नाही.